कपाळावर मासा, डोक्यात लाट

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस नावाचा एक वैद्य होता. जुनं, हटता हटत नसलेलं डोकेदुखीचं दुखणं घेऊन कुणी आलं, की त्याचा इलाज ठरलेला: मासा आणा! खायला नाही हं. टॉर्पेडो नावाचा पसरट मासा, तोही जिवंत, अंगातून विजेचा झटका देणारा. तो ओलागच्च मासा दुखऱ्या जागेवर ठेवायचा आणि ती जागा बधिर होईपर्यंत उचलायचा नाही.

हसू आलं ना? पण थांबा. २०१४ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यानं एका छोट्याशा यंत्राला परवानगी दिली. ते कपाळावर, भुवयांच्या वर चिकटवायचं आणि बटण दाबायचं. त्यातून अगदी सौम्य वीज कातडीखालच्या चेतेला मुंग्या आणते. रोज थोडा वेळ हे केलं, तर काही लोकांची डोकी उठण्याचं प्रमाण कमी होतं. वीज म्हणजे काय हे लार्गसला ठाऊक असणं शक्यच नव्हतं, पण त्यानं जागा मात्र बरोबर हेरली होती.

हे यंत्र ज्या दुखण्यासाठी आहे त्याला डॉक्टर मायग्रेन म्हणतात. तुमची आजी अर्धशिशी म्हणत असेल.

आता तुम्ही म्हणाल, डोकं तर सगळ्यांचंच दुखतं. उन्हात खेळून आलं की दुखतं, सर्दीनं नाक चोंदलं की दुखतं. खरं आहे. पण मायग्रेनची तऱ्हा निराळी. बहुतेकदा डोक्याची एक बाजू ठण ठण ठणकते. मुलांमध्ये मात्र पुष्कळदा दोन्ही बाजू. जिना चढला तरी ठणका वाढतो. पोटात मळमळतं, उलटी होते. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वाससुद्धा नको होतो. मोठ्या माणसांना हा त्रास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो, मुलांचा कधी कधी दोन तासांतही आवरतो. काही मुलांचं तर डोकं दुखतच नाही, पोट दुखतं! बेंबीच्या आसपास दुखतं, चेहरा पांढराफटक पडतो, आणि काही तासांनी सगळं एकदम ठीक. हाही मायग्रेनचाच एक प्रकार, आणि अशा बऱ्याच मुलांना पुढे मोठेपणी डोक्याचं मायग्रेन होतं.

जगात दर सात माणसांमागे साधारण एकाला हा त्रास आहे. म्हणजे शंभर कोटींहून जास्त लोक! आणि तरी हे दुखणं बाहेरून दिसत नाही. ताप नाही, सूज नाही, प्लास्टर नाही. डोक्याचा फोटो काढला तरी बहुतेक वेळा सगळं ठाकठीक येतं. म्हणून मग ऐकून घ्यावं लागतं, "गणिताचा पेपर आला की बरं याचं डोकं दुखतं!" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. आत जे चाललेलं असतं ते खरोखर चाललेलं असतं. आणि ते माणसांनी कसं शोधून काढलं, ही तर फारच सुरस गोष्ट आहे.

आधी एक कोडं. मेंदूला स्वतःला दुखत नाही! मेंदूच्या काही शस्त्रक्रिया चक्क रुग्ण जागा असताना करतात. डॉक्टर आत काम करत असतात आणि रुग्ण त्यांच्याशी बोलतो, बोटं हलवून दाखवतो. वरची कातडी आणि मेंदूवरचं आवरण बधिर केलं की पुरतं, कारण मेंदूच्या आत दुखणं टिपणाऱ्या चेताच नाहीत. मग मायग्रेनमध्ये ठणकतं ते काय?

ठणकतं ते मेंदूभोवतीचं आवरण आणि त्यातल्या रक्तवाहिन्या. तिथे चेतांचं बारीक जाळं पसरलेलं असतं, आणि ते जाळं म्हणजे एका मोठ्या चेतेच्या फांद्या. तिचं नाव ट्रायजेमिनल. तिच्या तीन शाखा आहेत. एक कपाळ आणि डोळ्यांकडे जाते, दुसरी गालाकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. दाढ दुखली की निरोप पोचवते ती ट्रायजेमिनलच. सकाळी तोंडावर पाणी मारल्यावर गार वाटतं तेही तिच्यामुळे. आणि मासा असो की यंत्र, विजेच्या मुंग्या येतात त्या तिच्याच कपाळावरच्या फांदीला.

पण या चेतेला जाग आणतं कोण? इथे आपल्याला इंग्लंडला जायला हवं, एका बापलेकांच्या घरी. वडील जॉर्ज एअरी. ग्रिनिचच्या वेधशाळेचे प्रमुख, रोज रात्री आकाशातल्या ताऱ्यांचा हिशेब ठेवणारे. मुलगा ह्यूबर्ट, तो झाला डॉक्टर. दोघांनाही अधूनमधून एक विलक्षण गोष्ट दिसायची. बसल्या बसल्या नजरेच्या मधोमध एक ठिपका पुसल्यासारखा व्हायचा. पुस्तक समोर असेल तर तिथली अक्षरं गायब! थोड्या वेळानं त्या ठिपक्याच्या कडेला एक दातेरी रेघ चमकायला लागायची, सारखी थरथरणारी, तिच्या काठांवर लाल, निळे, पिवळे, हिरवे रंग. ती रेघ हळूहळू मोठी होत बाहेर सरकायची आणि साधारण अर्ध्या तासात नजरेच्या कडेवरून निघून जायची. ह्यूबर्टला ती बघून आठवायचं ते भोवताली बुरुज असलेलं तटबंदीचं शहर.

दुसरा कुणी असता तर घाबरून गेला असता. ह्यूबर्टनं पेन्सिल आणि रंग घेतले. रेघ कुठे सुरू झाली, मग कुठे गेली, दाते केव्हा मोठे झाले, कुठला रंग कुठे होता, हे सगळं एकेका टप्प्यानं त्यानं काढून ठेवलं आणि १८७० साली ही चित्रं रॉयल सोसायटीपुढे मांडली. आजही डॉक्टरांच्या पुस्तकांत ती छापतात, कारण आजचे रुग्णही हुबेहूब तेच सांगतात. या दिसण्याला ऑरा असं नाव आहे. मायग्रेन असलेल्या चार जणांपैकी साधारण एकाला ऑरा येतो. बहुतेकदा तो ओसरता ओसरता डोकं ठणकायला लागतं. काहींना मात्र नुसती रेघ दिसते आणि पुढे काहीच दुखत नाही.

तुम्हाला वाटेल, ही तर डोळ्यांची गडबड! तपासायची युक्ती सोपी आहे. ऑरा आलेल्या माणसानं डावा डोळा मिटायचा: रेघ तिथेच. मग उजवा मिटायचा: तरीही तिथेच. दोन्ही मिटले तरी चमचम चालूच! म्हणजे रेघ डोळ्यांत नाहीच. ती आहे डोक्याच्या मागच्या भागात, मेंदूच्या वरच्या थरात, जिथे डोळ्यांकडून आलेल्या संदेशांचं चित्र तयार होतं.

आता पट्टी घ्या. १९४१ साली कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं याच रेघेचं मोजमाप छापलं. त्यालाही ऑरा यायचा, आणि आला की तो रेघेची जागा कागदावर टिपून ठेवायचा. नजरेच्या मध्यापासून कडेपर्यंत जायला रेघेला वीसेक मिनिटं लागत. मेंदूतल्या बघण्याच्या भागावर हेच अंतर सहा-साडेसहा सेंटिमीटर भरतं. करा भागाकार. मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर! पट्टीवर पेन्सिलीचं टोक ठेवून मिनिटाला तीनच बारीक रेघा सरकवून बघा, धीर सुटेल. अंगणातली गोगलगाय याच्या कितीतरी पट वेगानं जाते.

मेंदूतले संदेश तर डोळ्याचं पातं लवायच्या आत इकडून तिकडे पोचतात. मग इतकं हळू काय चालत असेल? लॅशलीकडे याचं उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं तीनच वर्षांनी, ते शोधत नसलेल्या माणसाला. आरिस्तिदेस लिआव हा ब्राझीलचा तरुण अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकत होता. त्याचा विषय होता फिट येणं. सशाच्या मेंदूच्या वरच्या थराला हलकासा धक्का दिला की विजेचं वादळ उठेल अशी त्याची अपेक्षा. झालं उलटंच. धक्का दिलेल्या जागेच्या पेशी एकदम चिडीचूप झाल्या, आणि तो गप्पपणा शेजारच्या भागात पसरत गेला. किती वेगानं? मिनिटाला दोन ते पाच मिलिमीटर! पुढे कळलं की या लाटेच्या आघाडीवरच्या पेशी आधी जोरात चेकाळतात आणि मग काही मिनिटं थकून गप्प बसतात. आता ह्यूबर्टचं चित्र आठवा. पुढे चमचमणारी रेघ, मागे रिकामा ठिपका. जुळलं?

लोकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायला आणखी बरीच वर्षं गेली. आणि माणसाच्या मेंदूत ही लाट जाताना बघायची तर ऑरा येण्याच्या वेळी माणूस स्कॅनरमध्ये झोपलेला हवा. ऑरा काय सांगून येतो? पण बोस्टनच्या शास्त्रज्ञांना असा एक जण सापडला, ज्याला बराच वेळ बास्केटबॉल खेळलं की ऑरा यायचा. मग काय, त्याला खेळायला लावलं आणि लगेच स्कॅनरमध्ये घातलं. २००१ साली त्यांनी छापलेल्या चित्रांत लाट मेंदूच्या मागच्या भागावरून सरकताना दिसली. वेग मिनिटाला साडेतीन मिलिमीटर. लॅशलीनं कागद-पेन्सिलीवर काढलेलं उत्तर साठ वर्षांनी यंत्रानं बरोबर ठरवलं! या साऱ्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

अशी लाट गेली की पेशींतून काही रसायनं बाहेर पडतात, ती वरच्या आवरणापर्यंत पोचतात आणि तिथल्या ट्रायजेमिनलच्या टोकांना चेतवतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. झाला ठणका सुरू.

उजेड का सोसत नाही, याचाही छडा असाच गमतीनं लागला. बोस्टनमधल्या रामी बर्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायग्रेन असलेल्या अंध लोकांना विचारलं, तुम्हाला उजेडाचा त्रास होतो का? दिसत नाही त्यांना उजेडाचा कसला त्रास, असं वाटेल. पण ज्यांना वस्तू दिसत नव्हत्या, तरी दिवस आहे की रात्र एवढं जाणवत होतं, त्यांचा ठणका उजेडात वाढत होता! ज्यांना उजेडाची जाणीवच नव्हती, त्यांना काहीच फरक पडत नव्हता. म्हणजे आपल्या डोळ्यात चित्र बघणाऱ्या पेशींशिवाय नुसता उजेड मोजणाऱ्या पेशीही असतात, आणि त्यांचा निरोप मेंदूत जिथे पोचतो तिथेच ट्रायजेमिनलचा निरोपही येतो. दोन निरोप एकाच पेशीवर आदळले की दुखणं दुप्पट. पुढे याच लोकांनी रंगीत उजेड लावून पाहिलं. निळ्या, लाल, पिवळसर आणि पांढऱ्या उजेडापेक्षा मंद हिरवा उजेड सर्वांत सुसह्य निघाला.

मग काहींनाच मायग्रेन का? पहिलं कारण घराण्यात. आईला किंवा बाबांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता बरीच वाढते. यात एखादंच जनुक नसतं, शंभराहून जास्त जनुकांचा थोडा थोडा हात असतो. लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात फारसा फरक नसतो, पण वयात आल्यावर मुलींच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि मोठेपणी बायकांना हा त्रास पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट होतो.

असा मेंदू आजारी नसतो, तो बदलांना फार हळवा असतो. जेवण चुकलं, उन्हात पाणी प्यायला विसरलात, रात्री जागरण झालं, किंवा रविवारी दहापर्यंत झोपलात, तरी तो तक्रार करतो. एसटीतला डिझेलचा वास, वरातीतला डीजे, महिन्याची पाळी, परीक्षेची धास्ती, यांचंही तसंच. कधी कधी तर परीक्षा संपून सुट्टी लागली की त्याच दिवशी डोकं उठतं! एखादी गोष्ट एकटी आली तर निभावून जाते. उपास, ऊन आणि जागरण एकाच दिवशी गाठ पडले की मग काही खरं नाही.

आणि चॉकलेट? "चॉकलेट खाल्लंस म्हणून डोकं दुखलं," असं कुणी म्हणालं तर त्यांना ही गोष्ट सांगा. मायग्रेनचा अटॅक येण्याच्या आदल्या दिवशीच मेंदूत हालचाल सुरू झालेली असते. सारख्या जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, आणि काहींना गोड खावंसं वाटतं. मग ते चॉकलेट खातात आणि दुसऱ्या दिवशी डोकं उठतं. चॉकलेटमुळे मायग्रेन आलं, की मायग्रेन यायचं होतं म्हणून चॉकलेट खावंसं वाटलं? जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये मायग्रेन असलेली एक बाई महिनाभर रोज स्कॅनरमध्ये जाऊन झोपली. रोज! त्या महिन्यात तिला तीन वेळा अटॅक आला. २०१६ साली ही नोंद छापून आली. दुखणं सुरू होण्याच्या आधीच्या दिवशी तिच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाचं काम बदललेलं दिसलं. भूक, तहान आणि झोप सांभाळणारा भाग हाच! जांभया आणि खा-खा कुठून येते ते कळलं ना?

आता औषधांकडे वळू. १९९१ साली सुमाट्रिप्टान नावाचं औषध आलं आणि अटॅक चालू असताना तो थांबवणं बऱ्याच जणांना पहिल्यांदाच जमलं. पण खरी कमाल पुढची. लार्स एडव्हिन्सन आणि पीटर गोड्सबी या दोघा डॉक्टरांनी अटॅक चालू असलेल्या लोकांच्या मानेतल्या शिरेतून रक्त घेऊन तपासलं. त्यात सीजीआरपी नावाचं एक रसायन वाढलेलं सापडलं, ट्रायजेमिनलच्या टोकांतून सुटलेलं. सुमाट्रिप्टान दिलं की दुखणं उतरायचं आणि सोबत सीजीआरपीही उतरायचं. मग येस ओलेसन यांच्या डेन्मार्कमधल्या गटानं उलटी परीक्षा घेतली. मायग्रेन असलेल्या, आणि त्यासाठी तयार झालेल्या लोकांना सीजीआरपी टोचलं. बऱ्याच जणांना काही तासांत मायग्रेन! चोर पकडला. सीजीआरपीला अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून आली, मग गोळ्याही आल्या. २०२१ साली या तिघांना आणि मायकेल मॉस्कोविट्झ यांना मेंदूविज्ञानातलं मोठं पारितोषिक मिळालं, ब्रेन प्राइझ.

काही औषधं भलत्याच वाटेनं मिळाली आहेत. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयासाठीचं औषध. ते घेणाऱ्या एका रुग्णाच्या लक्षात आलं, की छातीतल्या दुखण्याबरोबर आपलं मायग्रेनही थांबलंय! आज ते मायग्रेन येऊच नये म्हणून देतात.

मुलांच्या बाबतीत मात्र एक मोठं आश्चर्य २०१७ साली समोर आलं. अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या साडेतीनशेहून अधिक मुलामुलींचे गट केले. दोन गटांना दोन वेगवेगळी रोजची औषधं दिली, तिसऱ्याला औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी. कोण काय घेतंय हे मुलांनाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. शेवटी तिन्ही गटांतल्या निम्म्याहून जास्त मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यानं कमी झाले. नुसत्या गोळीच्या गटातसुद्धा! याचा अर्थ दुखणं खोटं होतं असा मुळीच नाही. आपलं कुणी ऐकून घेतंय, नोंद ठेवतंय, बरं वाटेल अशी आशा आहे, याचा मेंदूतल्या दुखणं दाबणाऱ्या यंत्रणेवर खरोखर परिणाम होतो.

म्हणून मुलांसाठी डॉक्टर आधी साध्या गोष्टींवर भर देतात: रोज ठरल्या वेळी झोप, न चुकता नाश्ता, दप्तरात पाण्याची बाटली, रोज खेळ. अटॅक आलाच तर अंधाऱ्या शांत खोलीत पडायचं, कपाळावर गार पट्टी ठेवायची, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी दुखणं वाढायच्या आत घ्यायची. शाळेत असाल तर तास संपायची वाट बघत बसू नका, बाईंना लगेच सांगा. मात्र गोळी आई-बाबांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, आणि ऍस्पिरिन तर मुलांनी घ्यायचीच नाही. शिवाय महिन्यातले दहा-पंधरा दिवस दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या, तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखायला लागू शकतं. डोकं एकाएकी भयंकर दुखलं, ताप येऊन मान ताठ झाली, डोक्याला मार लागला, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, किंवा पहाटे डोकेदुखीनं जाग येऊन उलट्या होत असल्या, तर ते मायग्रेन असेल असं समजून थांबायचं नाही. ताबडतोब दवाखाना गाठायचा.

आणि एक वही करा. तारीख, किती वाजता सुरू झालं, आदल्या दिवशी काय खाल्लं, किती झोपलात, काय घेतलं, केव्हा थांबलं. दोन-तीन महिन्यांत तुमच्या मेंदूचा स्वभाव तुम्हालाच कळायला लागेल. शब्दांत सांगता येत नसेल तर चित्र काढा. कार्ल स्टॅफस्ट्रॉम या अमेरिकी डॉक्टरांनी २००२ साली छापलेल्या अभ्यासात नेमकं हेच केलं. डोकं दुखतं म्हणून आलेल्या दोनशेहून जास्त मुलांना त्यांनी काही विचारण्याआधी कागद आणि पेन्सिल दिली: तुझं डोकं दुखतं ते कसं, ते काढून दाखव. कुणी डोक्यावर हातोडे काढले, कुणी अंधाऱ्या खोलीतला पलंग, कुणी दातेरी रेघा. मग ज्यांना त्या मुलांची काहीच माहिती नव्हती अशा डॉक्टरांना नुसती चित्रं दाखवली. तपासणीत मायग्रेन ठरलेल्या दर दहा मुलांपैकी नऊ त्यांनी चित्रावरूनच ओळखली.